आधीचा साक्षीदार

गाळपाचा हंगाम सुरू झाला की भवानीनगरचा रस्ता रात्रंदिवस जागा असतो. उसाने तट्ट भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या मागे लावून ट्रॅक्टर कारखान्याकडे निघालेले असतात, रिकाम्या ट्रॉल्या खडखडत परत येत असतात आणि त्यांच्यामधून बैलगाड्या, दुधाचे टेम्पो, एसटी, बारामतीला कामाला जाणाऱ्यांच्या मोटारसायकली आणि शाळेला निघालेल्या मुलींच्या सायकली वाट काढत असतात. या दिवसांत चहाच्या टपरीवर बसले की एक वाक्य हमखास कानावर येते. एखादी गाडी धुरळा उडवीत भरधाव निघून जाते, चहा पिणारे कपावर हात धरतात आणि कुणीतरी म्हणते, “हा गडी एक दिवस कुणाला तरी घेऊन जाणार, बघा.” बाकीचे माना डोलावतात. गाडी कुणाची, चालवतो कोण, राहतो कुठे, हे बहुतेकांना ठाऊक असते. एखाद्याला तर नंबरही पाठ असतो. मग चहा संपतो आणि जो तो आपापल्या वाटेला लागतो.

हे वाक्य मी कित्येक वर्षे ऐकत आलो आहे. ते चुकीचे नसते. गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, पण ज्या माणसाला ते ऐकवायला हवे त्याला सोडून आपण ते सगळ्यांना ऐकवतो. पुढे खरोखरच काही घडले, की त्याच टपरीवर तीच माणसे म्हणतात, “आम्ही तर केव्हाच सांगितलं होतं.” कुणाला सांगितले होते, हे मात्र कुणी विचारत नाही.

प्रश्न साधा आहे. एखादा माणूस वाहन धोकादायक पद्धतीने चालवतो हे आपण डोळ्यांनी पाहिले, तर ते पोलिसांना कळवावे की नाही? पुण्या-मुंबईच्या माणसाला हा प्रश्न फारसा अवघड वाटणार नाही. तिथे गाडीवाला अनोळखी असतो. आमच्याकडे तो कुणाचा तरी पुतण्या असतो, कुणाचा जावई असतो, आणि संध्याकाळी देवळात तुमच्याच शेजारी टाळ वाजवत उभा असतो.

आमचा रस्ता जुना आहे. तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघते ती भवानीनगरावरून सणसरच्या मुक्कामी जाते. पुढे बेलवडीचे रिंगण, मग अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर. पिढ्यान्‌पिढ्या या वाटेने माणसे पायीच चालत आली. पाटस-बारामती-इंदापूर मार्गे जाणाऱ्या पालखी महामार्गाच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाले. रस्ता रुंद झाला ही आनंदाची गोष्ट आहे. पण रस्त्याबरोबर वेगही आला, आणि रस्त्याच्या कडेने चालणारी माणसे, त्यांची जनावरे, त्यांची शाळा, त्यांची पिठाची गिरणी जिथे होती तिथेच राहिली. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. फोनवर कुणाचे नाव आले एवढे बघायला दोन सेकंद पुरतात. तेवढ्यात ती गाडी ४४ मीटर गेलेली असते, आणि या ४४ मीटरमध्ये चालकाने रस्ता पाहिलेलाच नसतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. दिवसाला साडेचारशेहून अधिक. त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदवलेले आहे. आकडे लांबचे वाटतात, पण जुलै २०२५ मध्ये बारामती शहरातच एका डंपरखाली बाप आणि त्याच्या दोन लहान मुली गेल्या, तेव्हा सगळ्या तालुक्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

मग आपण सांगत का नाही? मला यात तीन कारणे दिसतात आणि तिन्ही हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत.

पहिले, चुगलीची लाज. लहानपणी शाळेत मास्तरांना नाव सांगणाऱ्या मुलाशी बाकीची पोरे बोलत नसत. ती शिकवण हाडात मुरलेली असते. दुसरे, पोटाचा प्रश्न. ट्रॅक्टर चालवणारा असो की टेम्पो चालवणारा, त्याचे घर त्या चाकावर चालते. त्याच्याविरुद्ध अर्ज करणे म्हणजे त्याच्या पोटावर पाय देणे, असे आपल्याला मनापासून वाटते. तिसरे, ठाण्याची पायरी. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे आपण म्हणतो, त्यात पोलीस ठाणे न बोलता धरलेले असते. आपण तक्रार करायला जाऊ आणि आपल्यालाच चार वेळा हेलपाटे पडतील, जबाब द्यावा लागेल, आणि आपले नाव संध्याकाळपर्यंत गावभर होईल, ही भीती खोटी नाही.

या तिन्ही कारणांचा विचार करताना मला माझी बँकेतली नोकरी आठवते. चौतीस वर्षांतली बरीच वर्षे मी ग्रामीण शाखांत काढली. ट्रॅक्टरची, जीपची, टेम्पोची कर्जे माझ्या टेबलावरून गेली आहेत. कर्ज एका दिवसात बुडत नाही. आधी एक हप्ता उशिरा येतो, मग अर्धा येतो, मग कर्जदार शाखेसमोरून जाताना मान खाली घालू लागतो. शाखेतल्या शिपायालाही कळते की हे खाते आजारी पडले. साधे मुदत कर्ज ९० दिवसांहून अधिक थकले की ते अनुत्पादक ठरते. परंतु तिथवर वाट पाहू नये, खाते ३० दिवस आणि ६० दिवस थकले असतानाच त्याची वेगळी नोंद करावी, अशी रीतसर पद्धत रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून घालून दिली. त्या यादीत नाव जाणे म्हणजे माणूस बुडवा ठरणे नव्हे. त्याच्याकडे वेळेवर लक्ष गेले, एवढाच त्याचा अर्थ. वेळेवर लक्ष गेलेली खाती पुष्कळदा सावरतात. हप्ते वाढवून देता येतात, मुदत बदलता येते. जप्तीची वेळ येते ती बहुधा त्यांच्यावर, ज्यांच्याबद्दल सगळ्यांना सगळे ठाऊक होते आणि भिडेपोटी कुणीच लिहिले नाही.

रस्त्याचे आजारी खातेही असेच असते. आधी गाडी घासून जाते. मग आरसा तुटतो, मग एखादे कुत्रे जाते. प्रत्येक वेळी आपण “थोडक्यात वाचला” म्हणतो आणि खाते पुढे चालू ठेवतो.

कायदा काय म्हणतो हेही पाहिले पाहिजे, कारण त्याबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. काही झाल्याशिवाय पोलीस काय करणार, असे जो तो म्हणतो. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याचे १८४ वे कलम धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात हातात फोन धरून गाडी चालवणे, लाल सिग्नल तोडणे, उलट दिशेने येणे, नियम सोडून दुसऱ्या वाहनाच्या पुढे घुसणे, हे सारे स्पष्ट लिहिलेले आहे. रस्त्यावरच्या किंवा रस्त्याजवळच्या माणसांच्या मनात धास्ती निर्माण होईल असे चालवणेही त्यात येते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कुणाचे हाड मोडले पाहिजे अशी अट या कलमात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे २८१ वे कलमही, माणसाचा जीव धोक्यात येईल असे बेदरकार चालवणे हाच गुन्हा मानते. जुन्या दंडविधानातही ते २७९ वे कलम म्हणून होतेच. मूल गाडी चालवताना सापडले तर २०१९ च्या दुरुस्तीने पालक किंवा गाडीमालक जबाबदार धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड होऊ शकतो आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

म्हणजे कायद्याला अपघाताची वाट पाहायची नाही. पाहतो ते आपण. काही गंभीर गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणे नागरिकावर बंधनकारक आहे, त्या यादीत खून-दरोडा आहे, बेदरकार गाडी चालवणे नाही. ते कायद्याने तुमच्या-माझ्या सदसद्विवेकावर सोडून दिले आहे. आणखी एक फरक ध्यानात येतो. अपघातातल्या जखमीला उचलून दवाखान्यात नेणाऱ्याला आता कायद्याचे संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये त्यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १३४-अ हे कलम आले, आणि अशा माणसाला आपले नाव सांगण्याचीही सक्ती करता येत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच्यासाठी पाच हजारांचे बक्षीसही सुरू झाले. हे सगळे चांगलेच आहे. मात्र अपघात होऊ नये म्हणून आधी बोलणाऱ्यासाठी या कायद्यात असे वेगळे कलम नाही. नंतर धावणाऱ्याचे कौतुक आहे, आधी सांगणारा एकटा आहे.

हे एकटेपण मी थोडेफार अनुभवले आहे, म्हणून लिहितो.

आमच्या आळीतला एक मुलगा दुधाचा पिकअप चालवायचा. वय बावीस-तेवीस. पहाटे चारपासून वाड्यावस्त्यांवरून कॅन गोळा करायचे आणि ठरलेल्या वेळेच्या आत शीतकरण केंद्रावर पोचवायचे. दूध थांबत नाही. उन्हाळ्यात अर्धा तास उशीर झाला तर नासते आणि नुकसान चालकाच्या पगारातून कापले जाते. त्यामुळे पोरगा कायम घाईत. एक हात चाकावर, दुसऱ्यात फोन, आणि शाळेजवळच्या वळणावरसुद्धा वेग तोच. मी आधी त्यालाच गाठले. तो हसून म्हणाला, “काका, रोजचा रस्ता आहे, डोळे मिटून चालवीन.” मग त्याच्या वडिलांशी बोललो. ते म्हणाले, “माझं कुठं ऐकतोय? तुम्हीच सांगा साहेब, तुमचं ऐकंल.” गाडीमालक दुसऱ्या गावचा. त्याला फोन केला. तो म्हणाला, “साहेब, आजवर एक कॅन सांडला नाही त्याच्या हातून.”

पुढच्या आठवड्यात त्या वळणावर समोरून ट्रॉली आली आणि पिकअप कडेच्या मातीवर उतरला. सायकलवरच्या दोन मुली चारीत पडल्या. खरचटण्यावर भागले. एकीच्या दप्तरातली वही चिखलात पडली होती. ती उचलून पुसताना तिचे हात थरथरत होते आणि ती मलाच म्हणाली, “आजोबा, आईला सांगू नका, ती सायकल बंद करील.” बोलायचे नाही, हे त्या एवढ्याशा पोरीलाही कळले होते. कारण बोलले तर शिक्षा आपल्यालाच होणार.

त्या दिवशी मी अर्ज लिहिला. गाडीचा नंबर, तारीख, वेळ, ठिकाण, काय पाहिले, आणि खाली सही. ठाणे कोणते ते सांगत नाही, कारण प्रश्न एका ठाण्याचा नाही. समोरच्या तरुण शिपायाने अर्ज वाचला आणि विचारले, “साहेब, कुणाला काही झालंय का?”

“नाही. अजून काही झालेलं नाही.”

“मग तक्रार कशाची?”

त्याचा स्वर उर्मट नव्हता. त्याला खरोखरच कळत नव्हते. पलीकडच्या टेबलावरच्या वयस्क हवालदारांनी मान वर केली, अर्ज मागून घेतला, वाचला आणि म्हणाले, “काही झालं असतं तर साहेब कशाला आले असते? पोरीचा बाप आला असता.” त्यांनी अर्जावर आवकचा शिक्का मारून मला पोच दिली. दोन दिवसांनी त्यांनी मालकाला आणि मुलाला बोलावून घेतले, परवाना तपासला, फोनबद्दल दंड केला आणि मालकाला वेळेच्या सक्तीबद्दल चार शब्द सुनावले.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती पाठ्यपुस्तकातली झाली असती. मालकाने मुलाला गाडीवरून उतरवले. दोन महिने तो घरी बसून होता. त्याची आई आमच्या घरी येईनाशी झाली. दर पोळ्याला त्यांच्याकडून येणारे ताट त्या वर्षी आले नाही. वडील देवळात दिसले की चप्पल घालण्यात गुंतल्यासारखे करायचे. मुलगा नंतर इंदापूरकडे दुसऱ्या गाडीवर लागला. तो आता जपून चालवतो की नाही, मला माहीत नाही. माझ्या अर्जामुळे कुणाचा जीव वाचला का, हेही मला कधी कळणार नाही. झालेल्या अपघाताचा पंचनामा होतो, न झालेल्या अपघाताची कुठेच नोंद होत नाही. कादंबरी लिहिणारा म्हणून मला हे चांगले ठाऊक आहे. अपघातावर चाळीस पाने लिहिता येतात, न झालेल्या अपघातावर एक ओळ सुचत नाही. आमच्या घरात मात्र त्या ताटाबद्दल बोलणे झालेच. सौभाग्यवती म्हणाल्या, “त्यांचं बरोबर आहे. त्यांचं पोरगं घरी बसलं. त्या दोघी मुली शाळेत जाताहेत, हे त्यांना कुठून दिसणार?” मला वाटते, या विषयावर यापेक्षा न्यायाचे बोलणे मी कुठे ऐकलेले नाही.

म्हणूनच पोटावर पाय देण्याचा प्रश्न मी टाळू इच्छित नाही. पण पूर्ण हिशेब मांडायचा तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. त्या वळणावर एखादी मुलगी चाकाखाली आली असती तर त्या मुलाचे काय झाले असते? निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल जुन्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद होती, नव्या संहितेच्या १०६ व्या कलमात ती पाच वर्षांपर्यंत आहे. आणि ठाण्यापर्यंत तो पोचला असता तर! आपल्याकडे अपघातानंतर जमाव काय करतो हे सर्वांनी पाहिले आहे. गाडी फोडतात, पेटवतात, चालक हाती लागला तर त्याला मारतात. अपघात करून, न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद नव्या कायद्यात आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या. महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. थांबलो तर जमाव मारील, ही त्या चालकांची तक्रार होती आणि तिच्यात तथ्य होते. ती तरतूद १ जुलै २०२४ ला इतर कलमांबरोबर अमलात आली नाही. मला वाटते, आपले आधीचे मौन आणि नंतरचा जमाव ही एकाच सवयीची दोन रूपे आहेत. आधी बोलायला जे धैर्य लागते ते नसते, म्हणून नंतर पन्नासजणांच्या घोळक्यात ते गोळा करावे लागते.

श्रीमंतांच्या बाबतीतही हेच घडते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शे मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. चालवणारा सतरा वर्षांचा होता. त्याला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला आणि सारा देश संतापला. पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. या प्रकरणात माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याच्या मनात एक लहानशी गोष्ट रुतून बसली. त्या महागड्या गाडीची नोंदणी पुरी झालेली नव्हती, कारण १,७५८ रुपयांचे शुल्क भरायचे राहिले होते. बिननंबरची गाडी रस्त्यावरून जाताना आजूबाजूला किती डोळे असतील! त्या रात्री वाढप्यांनी, पहारेकऱ्यांनी, मित्रांनी काय काय पाहिले असेल! निबंधावर आपण सर्वांनी मनसोक्त लिहिले. आधी कुणी एक ओळ लिहिली असती तर तिचे मोल कितीतरी अधिक होते.

याचा अर्थ प्रत्येकाने हातात फोन घेऊन दुसऱ्याचे फोटो काढत सुटावे असा मुळीच नाही. गोव्यात नोव्हेंबर २०१७ मध्ये पोलिसांनी अशी एक योजना काढली होती. वाहतुकीचा नियम मोडणाऱ्याचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे, त्याचे गुण मिळवायचे आणि गुणांचे रोख बक्षीस घ्यायचे. तक्रारींचा पाऊस पडला, पण लोकांच्या मनात फोटो काढणाऱ्यांबद्दल रागही साठला. सांगण्याला पैसे मिळू लागले की सांगणारा साक्षीदार राहत नाही, तो कमिशनवाला होतो. ब्रिटनमध्ये वेल्स प्रांतात २०१६ पासून दुसरी पद्धत आहे. गाडीत किंवा सायकलवर लावलेल्या कॅमेऱ्यातले चित्रण नागरिक पोलिसांकडे पाठवतो, पण त्याबरोबर त्याला आपले निवेदन द्यावे लागते आणि गरज पडली तर न्यायालयात उभे राहण्याची तयारी दाखवावी लागते. बक्षीस नाही. मला ही रीत आपल्या मातीला जवळची वाटते. आपल्याकडे साक्ष ही नेहमीच नावानिशी द्यायची गोष्ट होती.

म्हणून काही पथ्ये पाळावीत असे वाटते. माणूस ओळखीचा असेल आणि वेळ असेल तर आधी त्याला, मग त्याच्या घरी, मग गाडीमालकाला सांगावे. पुष्कळदा घाई चालकाची नसतेच, खेपांच्या हिशेबाने त्याला पळवणाऱ्या मालकाची असते. म्हणून अर्जात नुसत्या चालकाला धरू नये, ही घाईही लिहावी. तरीही फरक पडला नाही तर लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. मात्र दारू पिऊन झुलत जाणारी गाडी, स्टिअरिंगवर बसलेले शाळकरी पोर, उलट दिशेने भरधाव येणारा डंपर, इथे घरी जाऊन समजावत बसण्याची मुभा नसते. तिथे रस्त्याच्या कडेला सुरक्षित थांबून ११२ क्रमांक फिरवावा. पाठलाग करू नये, अडवायला जाऊ नये. आणि जे पाहिले तेवढेच सांगावे. “तो प्यालेला होता” हे आपले अनुमान झाले. “गाडी तीनदा दुभाजकाकडे गेली” हे आपण पाहिलेले असते. बांधाच्या भांडणाचा सूड रस्त्याच्या अर्जातून काढणारे लोक निघतील, नाही असे नाही. त्यांच्यामुळे खऱ्या अर्जाची किंमत जाते.

नंबर लिहून ठेवण्याची सवय तर प्रत्येक घरात असावी. अपघात करून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर मृताच्या वारसांना सरकारी योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. गाडी सापडली आणि तिचा विमा असला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृताचे वय, त्याची कमाई, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरवते. ती रक्कम कितीतरी मोठी असू शकते. एखाद्या विधवेच्या पुढच्या वीस वर्षांचा फरक कुणा अनोळखी माणसाने तळहातावर लिहिलेल्या चार आकड्यांनी पडतो.

ज्येष्ठ-आषाढात पालखी येते तेव्हा आमच्या भागात एक वेगळेच दृश्य दिसते. पोलीस तर असतातच, पण गावची पोरेही शिट्ट्या घेऊन रस्त्यावर उभी राहतात. भरधाव येणाऱ्याला हात दाखवून थांबवतात, मग तो सरपंचाचा भाऊ असो की सख्खा मामा. “दादा, माउली चालल्यात, दमानं घ्या,” एवढे म्हणतात. थांबणाऱ्याला राग येत नाही आणि थांबवणाऱ्याला कुणी चुगलखोर म्हणत नाही. त्या दिवशी रस्ता सगळ्यांचा असतो आणि त्यावरून चालणाऱ्या माणसाचा जीव सगळ्यांच्या हवाली असतो. पालखी पुढे सरकते, शिट्ट्या खिशात जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मुली सायकली घेऊन त्याच रस्त्याने निघतात.